थकलेल्या शरीरातला उच्च रक्तदाब : घरच्यांनी पायरीपायरीने ठेवायची देखरेख

साठीत लिहून दिलेली रक्तदाबाची चिठ्ठी ऐंशीव्या वर्षीही तशीच चालू आहे, असे चित्र आपल्याकडे अनेक घरांत दिसते. चिठ्ठी लिहिली गेली तेव्हा आजोबांचे वजन ६८ किलो होते, मंडईतून दोन्ही हातांत पिशव्या घेऊन ते पायी घरी येत आणि दोन्ही वेळा पोटभर जेवत. आता वजन ५३ किलोवर आले आहे, रात्रीचे जेवण म्हणजे दुधात कुस्करलेली अर्धी भाकरी, आणि खुर्चीतून उठायचे तर आधी दोन्ही हात टेकावे लागतात. गोळ्या मात्र त्याच आहेत, तेवढ्याच आहेत, आणि दुकानातला मुलगा जुनी चिठ्ठी पाहून महिन्याच्या महिन्याला त्या काढून देतो. ज्या शरीरासाठी त्या लिहिल्या होत्या ते शरीर आता राहिलेले नाही, हे सहसा कोणाच्या लक्षात येत नाही.

हा लेख अशा घरांतल्या मुला-सुनांसाठी, लेकी-जावयांसाठी आणि स्वतःची काळजी स्वतः घेणाऱ्या ज्येष्ठांसाठी आहे. औषध सुरू करणे, वाढवणे, कमी करणे किंवा थांबवणे हा निर्णय डॉक्टरांचाच. परंतु तो नीट घेता यावा म्हणून लागणारी बरीचशी माहिती घरातच असते आणि दवाखान्यातल्या पाच मिनिटांत ती हाती लागत नाही.

दोन समजुती आधी बाजूला ठेवू

पहिली समजूत अशी की, वय झाले म्हणजे बीपी थोडे वाढलेले असायचेच, त्याला औषध कशाला. वयाबरोबर मोठ्या रक्तवाहिन्या ताठर होतात, त्यामुळे वरचा आकडा वाढत जातो आणि खालचा साधारण पन्नाशी-साठीनंतर उतरू लागतो, हे खरे आहे. म्हणूनच ज्येष्ठांमध्ये १७०/७० असे विचित्र वाटणारे आकडे दिसतात. पण नेहमी घडते म्हणून ते निरुपद्रवी ठरत नाही. ‘हायव्हेट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आणि २००८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ८० वर्षांवरील ३,८४५ जण होते, त्यांचा वरचा रक्तदाब १६० किंवा अधिक होता, आणि औषधाने तो १५०/८० पर्यंत आणण्याचे ठरले होते. औषध घेणाऱ्या गटात मृत्यूंचे प्रमाण २१ टक्क्यांनी आणि हृदय कमकुवत होण्याचे प्रमाण ६४ टक्क्यांनी कमी आढळले. ऐंशीनंतर औषधाचा उपयोग नाही, हे म्हणणे तेव्हापासून टिकत नाही.

दुसरी समजूत त्याच्या उलट आहे : जितके कमी, तितके चांगले. फ्रान्स आणि इटलीतल्या वृद्धाश्रमांमधील ८० वर्षांवरील रहिवाशांचा ‘पार्टाज’ नावाचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांचा वरचा रक्तदाब १३० च्या खाली होता आणि जे दोन किंवा अधिक गोळ्या घेत होते, त्यांच्यात मृत्यूंचे प्रमाण इतरांपेक्षा जास्त दिसले. गोळ्यांमुळेच ते वाढले, असे अशा निरीक्षणावरून सिद्ध होत नाही, कारण आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यात रक्तदाब आपोआपही उतरतो. फ्रान्समध्येच पुढे अशा रहिवाशांच्या गोळ्या टप्प्याटप्प्याने कमी करून पाहणारी चाचणी झाली. २०२५ मध्ये तिचे निष्कर्ष आले तेव्हा गोळ्या कमी केल्याने आयुष्य वाढल्याचे दिसले नाही, आणि घटल्याचेही दिसले नाही. याचा माझ्या मते साधा अर्थ असा की, खूप थकलेल्या माणसाच्या बाबतीत आणखी एक गोळी वाढवून काय मिळणार आहे, हा प्रश्न दर वेळी नव्याने विचारावा लागतो.

त्या प्रश्नाचे उत्तर यंत्रावरच्या आकड्यापेक्षा माणसाच्या उठण्या-चालण्यावर जास्त अवलंबून असते, म्हणून आपण सुरुवात तिथूनच करू.

पहिली पायरी : माणूस किती थकला आहे ते मोजणे

वार्धक्यात शरीराची राखीव ताकद संपत जाते, आणि साधा ताप, दोन दिवसांचे जुलाब किंवा एक नवी गोळी एवढ्यानेही माणूस अंथरुणाला खिळतो. या अवस्थेला डॉक्टर ‘फ्रेल्टी’ म्हणतात. आपण जर्जरता म्हणू. वय आणि जर्जरता या एकच गोष्टी नव्हेत. पंच्याऐंशीव्या वर्षी शेताच्या बांधावरून फिरून येणारे आजोबा जर्जर नसतात, तर बहात्तराव्या वर्षी दोन जिने चढू न शकणाऱ्या बाई असू शकतात. अमेरिकेत २००१ मध्ये लिंडा फ्राइड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यासाठी पाच खुणा मांडल्या, त्या आजही वापरल्या जातात : वर्षभरात प्रयत्न न करता वजन साडेचार किलो किंवा अधिक घटणे, हाताची पकड सैल होणे, सतत थकवा वाटणे, चाल मंदावणे आणि एकूण हालचाल कमी होणे. पाचपैकी तीन खुणा असतील तर जर्जरता, एक किंवा दोन असतील तर तिची सुरुवात, असे मानले जाते.

घरात या खुणा वेगळ्या रूपात दिसतात. लेंग्याची नाडी पूर्वीपेक्षा जास्त आवळावी लागते, बांगड्या कोपराकडे सरकू लागतात, डब्याचे झाकण दुसऱ्याकडून उघडून घ्यावे लागते, चपला जमिनीला घासतात, आणि ‘आज नको, उद्या जाऊ देवळात’ हे वाक्य वारंवार ऐकू येते. हे सगळे ‘वयच झालं आता’ या एका वाक्यात गुंडाळून टाकण्याची आपल्याला सवय आहे.

मोजण्यासाठी तीन सोप्या चाचण्या पुरेशा आहेत, आणि त्या करताना दुसऱ्या माणसाने शेजारीच उभे राहावे. भिंतीला टेकवून ठेवलेल्या, हात नसलेल्या साध्या खुर्चीत बसवून, हात छातीवर दुमडून, पाच वेळा पूर्ण उभे राहून पुन्हा बसायला सांगावे; आशियाई तज्ज्ञगटाच्या २०१९ च्या निकषांनुसार यासाठी १२ सेकंद किंवा अधिक वेळ लागणे हे शारीरिक क्षमता कमी झाल्याचे लक्षण आहे. दुसरी चाचणी चालण्याची : जमिनीवर चार मीटर अंतर खडूने आखून नेहमीच्या वेगाने चालायला सांगावे, आणि पाच सेकंदांपेक्षा जास्त लागले तर ते नोंदवावे. तिसरी शिंप्याच्या टेपने होते. पोटरीच्या सर्वांत जाड भागाचा घेर पुरुषांत ३४ आणि स्त्रियांत ३३ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर स्नायू झिजल्याची शंका घ्यावी; पायाला सूज असेल तर मात्र हे माप फसवे ठरते. तारखेसह हे आकडे एका वहीत लिहून ठेवावेत. पुढे याच वहीचा उपयोग होणार आहे.

दुसरी पायरी : रक्तदाब बसून मोजणे, आणि उभ्यानेही मोजणे

घरचे यंत्र दंडावर पट्टा बांधायचे असावे, मनगटाचे नको. पट्ट्याच्या मापाकडे फार कमी लोक लक्ष देतात. नेहमीचा पट्टा साधारण २२ ते ३२ सेंटिमीटर घेराच्या दंडासाठी असतो. वजन उतरून दंड बारीक झालेल्या आजींना तो सैल बसतो आणि आकडा खऱ्यापेक्षा कमी दिसू शकतो, तर जाड दंडाला लहान पट्टा बांधला की आकडा फुगतो. म्हणून यंत्र घेण्याआधी दंडाचा घेर मोजावा आणि तो आकडा दुकानदाराला सांगावा.

मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा, तंबाखू, मिश्री आणि जिना चढणे टाळावे, लघवीला जाऊन यावे, आणि पाठीला टेका व पाय जमिनीवर सपाट ठेवून पाच मिनिटे गप्प बसावे. हात टेबलावर, हृदयाच्या पातळीत असावा. घट्ट बाही वर गुंडाळली की तिचाच फास बसतो, त्यामुळे हात बाहीतून बाहेर काढणेच बरे. मोजत असताना बोलू नये, आणि शेजारी बसलेल्यांनीही ‘कालच्यापेक्षा वाढलंय का गं?’ असे विचारू नये. पहिल्या खेपेला दोन्ही हातांचा रक्तदाब पाहावा, आणि ज्या हाताचा जास्त भरतो तोच पुढे नेहमी वापरावा. नाडी अनियमित असेल तर यंत्राचे आकडे दर वेळी बदलतात; तेव्हा तीनदा मोजून सरासरी काढावी आणि अनियमित नाडीची गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगावी, कारण पक्षाघाताचा तो एक वेगळाच धोका आहे.

रोज उठून यंत्र लावणे मला पटत नाही. त्याने काळजी वाढते आणि काळजीने रक्तदाब वाढतो. त्याऐवजी डॉक्टरांकडे जाण्याच्या आधीचा एक आठवडा ठरवावा. सात दिवस सकाळी गोळी घेण्यापूर्वी आणि संध्याकाळी जेवणापूर्वी, प्रत्येक वेळी एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजावे. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी काढावी. घरची सरासरी १३५/८५ किंवा अधिक असेल तर ती वाढलेली मानतात. दवाखान्यात १६५ आणि घरी १३२ असा फरक ज्येष्ठांमध्ये नेहमी आढळतो, आणि केवळ दवाखान्यातल्या आकड्यावर गोळी वाढली तर घरी चक्कर येणे ओघानेच आले.

उभ्याने मोजण्याची पायरी बहुतेक घरांत, आणि खरे सांगायचे तर बऱ्याच दवाखान्यांतही, वगळली जाते. पाच मिनिटे आडवे पडून मोजावे, मग उभे राहून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजावे. वरचा आकडा २० किंवा अधिक, किंवा खालचा १० किंवा अधिक उतरला, तर उठल्यावर रक्तदाब कोसळतो असे समजावे. डोळ्यांपुढे अंधारी येणे, मानेत व खांद्यांत जडपणा वाटणे, पाय लटपटणे ही त्याची लक्षणे आहेत. अनेकांना मात्र काहीच जाणवत नाही आणि थेट पडल्यावरच कळते. मधुमेह आणि पार्किन्सन असलेल्यांत हे विशेष आढळते. जेवणानंतर एक-दोन तासांतही काहींचा रक्तदाब असाच उतरतो. दुपारी जेवून उठताना तोल जाणाऱ्यांचा रक्तदाब एकदा जेवणाआधी आणि एकदा तासाभराने मोजून पाहावा.

तिसरी पायरी : गाठायचा आकडा डॉक्टरांबरोबर ठरवणे

सर्वांना लागू पडेल असा एक आकडा नाही, आणि नामांकित मार्गदर्शक तत्त्वांतही याबाबत मतभेद आहेत. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेच्या मते ८० वर्षांवरील लोकांचा दवाखान्यातला रक्तदाब १५०/९० च्या खाली असावा. युरोपीय उच्चरक्तदाब संस्थेने २०२३ मध्ये ऐंशीनंतर वरचा आकडा १४० ते १५० दरम्यान, आणि सहज झेपत असेल तर १३० ते १३९ असा सल्ला दिला. युरोपीय हृदयरोग संस्था २०२४ मध्ये बहुतेकांसाठी १२० ते १२९ पर्यंत खाली आली. परंतु ८५ वर्षांपुढील, मध्यम ते तीव्र जर्जरता असलेल्या आणि उठल्यावर चक्कर येणाऱ्या लोकांना तिनेही त्यातून सवलत दिली.

कडक नियंत्रणाच्या बाजूने नेहमी दाखला दिला जातो तो अमेरिकेतल्या ‘स्प्रिंट’ चाचणीचा. तिच्यात ७५ वर्षांवरील २,६३६ जण होते आणि मंद चालणाऱ्यांनाही कमी आकड्याचा फायदा झाला, हे खरेच आहे. मात्र मधुमेही, आधी पक्षाघात झालेले, वृद्धाश्रमात राहणारे आणि उभ्याने ज्यांचा रक्तदाब ११० च्या खाली जातो असे लोक त्या चाचणीत घेतलेच नव्हते. आपल्या घरातली व्यक्ती यांपैकी कोणत्या गटात मोडते, हे पाहिल्याशिवाय तो दाखला तिला लावता येत नाही.

व्यवहारात मला असा अंदाज उपयोगी वाटतो. हिंडते-फिरते, स्वतःची कामे स्वतः करणारे ज्येष्ठ असतील तर वय कितीही असो, इतरांसारखेच नियंत्रण ठेवावे आणि चक्कर येत नाही ना एवढे पाहावे. बाहेर जायला आणि आंघोळीला मदत लागत असेल तर १३० ते १५० चा पट्टा डॉक्टरांशी बोलून ठरवता येतो, आणि तो ठरवताना उभ्याने घेतलेला आकडा समोर ठेवावा. अंथरुणाला खिळलेल्या किंवा स्मृतिभ्रंश पुढच्या अवस्थेत गेलेल्या माणसाला मात्र त्रास होऊ न देणे हेच मुख्य ठरते. वरचा आकडा वारंवार १२० च्या किंवा खालचा ६० च्या खाली दिसत असेल, तर ‘छान कंट्रोलमध्ये आहे’ म्हणून समाधान मानण्याऐवजी ते डॉक्टरांना कळवावे.

चौथी पायरी : गोळ्यांची पिशवी जमिनीवर ओतणे

घरात एक जुने वर्तमानपत्र पसरावे आणि त्यावर सगळ्या गोळ्या मांडाव्यात : देवघरातल्या डब्यातल्या, उशीखालच्या, पर्समधल्या, शेजारच्या काकूंनी ‘मला गुण आला’ म्हणून दिलेल्या, आयुर्वेदिक चूर्णे आणि गुडघ्याच्या गोळ्यांसकट. मग प्रत्येक पाकिटावरचे कंपनीचे नाव सोडून आतल्या औषधाचे नाव वाचावे. हृदयाच्या डॉक्टरांनी एका नावाने आणि मधुमेहाच्या डॉक्टरांनी दुसऱ्या नावाने तेच टेल्मिसार्टन हे रक्तदाबाचे औषध दिलेले असते, आणि रुग्ण दोन्ही घेत असतो, असे अजिबात विरळ नाही. जनऔषधी केंद्रात गोळ्या औषधाच्या मूळ नावानेच मिळतात, त्यामुळे हा गोंधळ टळतो. फक्त तिथून आणलेली गोळी आणि घरातली जुनी गोळी एकच आहे, हे ज्येष्ठांना पाकिटे शेजारी ठेवून समजावून सांगावे लागते.

यादीत पुढील गोष्टी विशेष शोधाव्यात. अॅम्लोडिपिन हे चांगले आणि स्वस्त औषध आहे, पण त्याने काहींच्या घोट्यांना सूज येते. ही सूज औषधाची आहे हे लक्षात आले नाही तर ती उतरवायला लघवीची गोळी दिली जाते, त्या गोळीमुळे रात्री तीनदा उठावे लागते, आणि तिसऱ्यांदा उठताना आजी मोरीच्या उंबऱ्याशी पडतात. सुरुवात पहिल्या गोळीपासून झाली होती, हे अस्थिरोगतज्ज्ञांकडे गेल्यावर कोणाला आठवत नाही. लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांमुळे, विशेषतः थायाझाइड गटातल्या, कमी जेवणाऱ्या ज्येष्ठांच्या रक्तातले सोडियम उतरते आणि ते अचानक बरळू लागतात. घरच्यांना तो स्मृतिभ्रंश वाटतो. टेल्मिसार्टन, लोसार्टन, एनालाप्रिल यांनी पोटॅशियम वाढू शकते. म्हणून यांपैकी काहीही नव्याने सुरू झाले किंवा वाढवले की दोन ते चार आठवड्यांत क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी रक्ततपासणी), सोडियम आणि पोटॅशियम तपासून घ्यावे.

प्रोस्टेटसाठी दिलेल्या टॅमसुलोसिन, प्राझोसिन यांसारख्या गोळ्या उठल्यावर रक्तदाब पाडतात, आणि झोपेच्या गोळ्या त्यात तोल घालवतात. उलट, गुडघेदुखीसाठी दुकानातून आणून खाल्लेल्या डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन रक्तदाब वाढवतात. टेल्मिसार्टन आणि लघवीच्या गोळीबरोबर तर त्या मूत्रपिंडालाच इजा करू शकतात. वेदनेसाठी पॅरासिटामॉल आधी वापरून पाहणे आणि त्याचेही प्रमाण विचारून घेणे जास्त सुरक्षित असते.

गोळ्या कमी करायच्या असतील तर एका वेळी एकच, आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली. इंग्लंडमध्ये २०२० साली प्रसिद्ध झालेल्या ‘ऑप्टिमाइझ’ चाचणीत दोन किंवा अधिक गोळ्या घेणाऱ्या ८० वर्षांवरील ५६९ जणांपैकी निम्म्यांची एक गोळी थांबवली होती. बारा आठवड्यांनी त्यांच्यापैकी ८६ टक्क्यांहून अधिक लोकांचा वरचा रक्तदाब १५० च्या खालीच होता, आणि सरासरी वाढ साडेतीनच्या आसपास होती. म्हणजे आकडे स्थिर असलेल्या माणसाची एक गोळी सुटू शकते का, असे विचारण्यात काहीही वावगे नाही. मात्र मेटोप्रोलॉल, अॅटेनोलॉल किंवा क्लोनिडिन अचानक बंद केल्याने रक्तदाब आणि नाडी उसळू शकते. त्या हळूहळूच उतरवाव्या लागतात. शिवाय यांतली काही औषधे हृदयविकारासाठी किंवा मूत्रपिंडासाठी दिलेली असतात, रक्तदाबासाठी नव्हे.

गोळी सकाळी घ्यावी की रात्री, यावर घराघरांत वाद चालतो. ब्रिटनमधल्या २१ हजारांहून अधिक लोकांच्या चाचणीत, जिचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले, दोन्हींत फरक आढळला नाही. जी वेळ विसरली जाणार नाही ती निवडावी. फक्त लघवीची गोळी सकाळीच घ्यावी.

सरकारी व्यवस्थेचा उपयोगही करून घ्यावा. भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम २०१७ मध्ये ज्या पहिल्या पाच राज्यांत सुरू झाला, त्यांत महाराष्ट्र होता. प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तदाब मोजला जातो आणि नेहमीची औषधे मोफत मिळतात. गावातल्या आशाताईंकडे चौकशी केली तर कोणत्या दिवशी जायचे ते कळते.

पाचवी पायरी : मीठ कमी, पण ताट रिकामे नको

जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाचा सपाट चमचाभर, मीठ सुचवते. आपल्याकडे भाजी-आमटीतल्या मिठाइतकेच लक्ष ताटाच्या डाव्या बाजूकडे द्यायला हवे. लोणचे, पापड, सांडगे, तळलेली मिरची, फरसाण, शेव, आणि कोकणात सुकट-बोंबील यांत मीठ भरपूर असते. पापडात खारही पडतो. पाण्यात टाकल्यावर फसफसणारी आम्लपित्ताची चूर्णे आणि गोळ्या यांतही सोडियम असते, हे बहुतेकांना ठाऊक नसते. पोटॅशियमयुक्त ‘लो सोडियम’ मीठ टेल्मिसार्टन घेणाऱ्यांनी किंवा मूत्रपिंड कमकुवत असलेल्यांनी विचारल्याशिवाय वापरू नये.

मात्र जर्जर माणसाच्या बाबतीत इथे हात थोडा सैल सोडावा लागतो. अळणी जेवण समोर आले की आधीच मंद झालेली भूक मरते, आजोबा दोन घास खाऊन ताट सारतात, आणि रक्तदाबाच्या दोन-तीन आकड्यांसाठी आपण किलोभर स्नायू गमावतो. लिंबू, कोकम, चिंच, लसूण, आले, ओले खोबरे, कोथिंबीर आणि जिऱ्याची फोडणी यांनी चव टिकवून मीठ उतरवावे. लोणच्याची फोड आठवड्यातून दोनदा मिळाली तर बिघडत नाही, रोजची शेंगदाण्याची खारट चटणी मात्र कमी मिठाची करावी.

प्रथिनांचा हिशेब घरात कोणी करत नाही, तो करावा. ज्येष्ठांना वजनाच्या दर किलोमागे दिवसाला १ ते १.२ ग्रॅम प्रथिने लागतात. ५० किलोच्या माणसाला ५० ते ६० ग्रॅम. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हे प्रमाण डॉक्टरांकडूनच घ्यावे. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, पेलाभर दुधात ६ ते ७, मूठभर शेंगदाण्यांत ७ ते ८, आणि ३० ग्रॅम कोरड्या डाळीच्या घट्ट वरणात ७ ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात. पाणीदार आमटी-भात आणि चहा-बिस्किटे यांवर दिवस काढणाऱ्या आजींना निम्मीही प्रथिने मिळत नाहीत. कवळी सैल झाल्यामुळे चावता येत नसेल तर आधी दातांच्या डॉक्टरांकडे जावे, मग खाण्याचा विचार करावा. तोवर मुगाचे मऊ धिरडे, दूध-नाचणीचे सत्त्व, पिठले, दही आणि काटे काढलेला मासा चालतो.

उपवासाचा विषय नाजूक आहे, पण टाळून चालत नाही. माझ्या एका आत्यांनी आषाढी एकादशीला जवळजवळ निर्जळी उपवास केला आणि सकाळची लघवीची गोळी मात्र न चुकता घेतली; द्वादशीला पहाटे देवघरातून उठताना त्या पडल्या, आणि उभ्याने मोजला तेव्हा वरचा रक्तदाब ९४ भरला. नशिबाने हाड वाचले. उपवास सोडा असे त्यांना सांगून उपयोग झाला नसता. त्याऐवजी ताक, दूध, फळे आणि राजगिरा घेऊन उपवास करायचा, साबुदाण्याच्या खिचडीवर भागवायचे नाही, आणि उपवासाच्या दिवशी कोणती गोळी वगळायची ते आधी डॉक्टरांकडून लिहून घ्यायचे, एवढे त्यांनी मान्य केले.

सहावी पायरी : पायांत ताकद, घरात आधार

जर्जरतेवर औषधाची गोळी नाही; तिच्यावर सर्वांत भरवशाचा उपाय स्नायूंचा व्यायाम हाच आहे, आणि तो रक्तदाबालाही उतार देतो. खुर्चीतून उठणे-बसणे सकाळ-संध्याकाळ पाच वेळांपासून सुरू करून हळूहळू दहापर्यंत न्यावे. स्वयंपाकघराच्या ओट्याला धरून टाचा उचलणे, एका पायावर काही सेकंद उभे राहणे, एका पावलापुढे दुसरे पाऊल ठेवत ओट्याच्या कडेने चालणे, हे भाजी शिजेपर्यंत होते. पाण्याने भरलेल्या अर्ध्या लिटरच्या बाटल्या हातांच्या व्यायामाला पुरतात. श्वास रोखून जोर लावू नये, आणि डोके खाली जाणारी आसने टाळावीत. घरची विश्रांतीची सरासरी १८० च्या वर असेल किंवा छातीत दुखत असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे.

ज्यांचा रक्तदाब उठल्यावर कोसळतो, त्यांनी सकाळी जाग आल्यावर पलंगावरच पावले दहा-वीस वेळा वरखाली हलवावीत, मग बसून एक-दोन मिनिटे थांबावे, आणि आधार धरून उभे राहिल्यावरही लगेच चालू लागू नये. कडकडीत पाण्याची आंघोळ रक्तवाहिन्या सैल करते, आणि बुटक्या पाटावरून उठताना त्यातच तोल जातो. म्हणून पाटाऐवजी रबरी टोप्यांचे उंच स्टूल, कोमट पाणी आणि भिंतीला पक्की कडी असावी. भारतीय पद्धतीच्या संडासात उकिडवे बसून उठणे हा दिवसातला सर्वांत अवघड क्षण असतो. कमोडचे आसन किंवा कमोडची खुर्ची आणणे हे मोठ्या दुरुस्तीपेक्षा स्वस्त आहे. रात्री वाटेवर मंद दिवा हवा, सतरंज्या आणि पायपुसणी उचलून ठेवावीत, आणि पूजा जमिनीवर बसून करायचीच असेल तर हाताशी जड, न हलणारी चौकी असावी.

सातवी पायरी : आजारपण, तातडी आणि पुढची तपासणी

जुलाब, उलट्या, तीव्र ताप किंवा विदर्भातल्या मे महिन्यासारखा उन्हाळा, यांत शरीरातले पाणी कमी होते आणि नेहमीचीच गोळी जड पडते. अशा दिवसांत लघवीची गोळी, टेल्मिसार्टनसारख्या गोळ्या आणि मधुमेहाची मेटफॉर्मिन चालू ठेवायच्या की थांबवायच्या, आणि पुन्हा कधी सुरू करायच्या, याच्या सूचना डॉक्टरांकडून आधीच कागदावर घेऊन तो कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवावा.

यंत्रावर १८०/१२० किंवा अधिक आकडा दिसला आणि माणसाला काहीच त्रास नसला, तर शांत बसवून पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा मोजावे. आकडा तसाच राहिला तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलावे. निफेडिपिन या रक्तदाबाच्या औषधाची कॅप्सूल फोडून जिभेखाली देण्याचा जुना उपाय करू नये, त्याने रक्तदाब एकदम कोसळून मेंदूचा आणि हृदयाचा रक्तपुरवठा तुटू शकतो. तोंड वाकडे होणे, एका हातातली शक्ती जाणे, बोबडी वळणे, छातीत दुखणे, धाप लागणे किंवा अचानक दिसेनासे होणे, यांपैकी काहीही असेल तर आकडा कितीही असो, १०८ क्रमांकावर फोन करावा आणि लक्षणे सुरू झाल्याची वेळ लिहून ठेवावी. पडल्यानंतर उठवतानाही घाई नको. खुब्यात दुखत असेल किंवा पाय आखूड दिसत असेल तर जागेवरच ठेवून मदत बोलवावी.

सारे स्थिर असले तरी दर तीन महिन्यांनी वजन, पोटरीचा घेर, खुर्चीची चाचणी आणि आठवडाभराचे रक्तदाब वहीत लिहावेत. एकदा जरी पडणे झाले, दोन-तीन किलो वजन आपोआप उतरले, किंवा रुग्णालयातून घरी आणले, तर तीन महिने थांबू नये. रुग्णालयात दिलेल्या गोळ्या बऱ्याचदा तिथल्या आजारपणापुरत्या असतात आणि घरी आल्यावर वर्षभर चालू राहतात. डॉक्टरांकडे जाताना वही, सगळ्या गोळ्यांची पिशवी आणि घरचे यंत्र घेऊन जावे, म्हणजे त्यांच्या यंत्राशी ते पडताळता येईल. वहीच्या वरच्या ओळीत मोठ्या अक्षरांत चार प्रश्न लिहावेत : यांच्यासाठी आकडा किती ठरवायचा, यांतली कोणती गोळी आता कमी करता येईल का, रक्ततपासणी कधी करायची, आणि आज उभ्यानेही मोजाल का.